इशारा पाहूनही

११ जानेवारी

ताई,

मायना काय लिहावा हे ठरेना, म्हणून नुसतं ताई लिहिलंय. पुन्हा या दारात उभा राहू नकोस, असं तू म्हणालीस त्याला तीन महिने झाले. पत्र लिहू नकोस असं काही म्हणाली नव्हतीस. मी पहिल्यापासून असाच, पळवाट दिसली की तिच्यातून घुसणारा. तूच तर वाढवलंस मला, तुला काय सांगायचं.

माझं ठीक चाललंय, म्हणजे दुकान ठीक चाललंय. मालक आता काउंटरवर बसल्या बसल्या पेंगतात, त्यामुळे चष्म्यांच्या काचा घासायच्या, काड्या घट्ट करायच्या, नाकावरच्या गाद्या बदलायच्या, सगळं माझ्या गळ्यात. परवा एक बाई चष्मा हरवला म्हणून तणतणत आल्या. चष्मा डोक्यावर होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी हळूच आरसा पुढे सरकवला. संध्याकाळी तुझ्या ढब्बूला फोन करून ही गंमत सांगावी असं मनात आलं आणि फोन उचललासुद्धा. मग ठेवून दिला.

त्याच्या वस्तू माझ्याकडे आहेत. हेल्मेट, वल्हं, लाइफ जॅकेट, पाण्यात घालायचा एक बूट. दुसरा मिळाला नाही. त्याची पिवळी कयाक मी खोलीत भिंतीला उभी करून ठेवलीय. त्यामुळे कपाटाचं दार उघडत नाही, म्हणून बाहेर राहिलेले तीन शर्ट आलटून पालटून घालतो. मालक म्हणाले, कयाक गॅलरीत का ठेवत नाहीस. मी म्हटलं, उन्हाने प्लास्टिक तडकतं. हे खरं आहे.

आमच्या कयाक मंडळाचा अपघाताचा अहवाल तुमच्याकडे पोचला असेल. त्यात जे लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी सही करण्याआधी दोनदा वाचला.

तुला वस्तू हव्या असतील तर कळव. मी येणार नाही, कुणाच्या तरी हाती पाठवीन.

तुझा धाकटा


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

काल औषधांच्या दुकानात रांगेत दाजी भेटले. माझ्या पुढे उभे होते, वळून बघेपर्यंत मला कळलंच नाही की ते दाजी आहेत. सदरा खांद्यावरून ओघळत होता. मला वाटलं आता चारचौघांत तोंड फिरवतील. त्यांनी उलट माझा दंड धरला आणि बाहेर बाकावर नेऊन बसवलं.

म्हणाले, "तुझा दोष नाही रे. तो ऐकायचाच नाही. चाळीस वर्षं मास्तरकी केली, गावभरच्या पोरांना शिस्त लावली, घरातलं एक पोर ऐकलं नाही. इंजिनिअर हो म्हटलं, तर झाला हातपाय चोळणारा."

मी म्हटलं, "फिजिओथेरपिस्ट, दाजी."

"तेच ते." मग म्हणाले, "'इशारा पाहूनही तो कड्याच्या बाजूला वळला.' पाठ झालंय मला अहवालातलं ते वाक्य. शेवटी त्याने तुझंसुद्धा ऐकलं नाही बघ."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान हलवली. ती कशासाठी हलवली हे तू मला विचारू नकोस.

त्यांनी तुझंही सांगितलं. फोटो तू कपाटात ठेवलायस म्हणे, आणि दिवसातून एकदा कपाट उघडून त्याच्याशी भांडतेस. 'एवढं एक ऐकायचं होतंस,' असं म्हणतेस. दाजी म्हणाले, भांडू दे, भांडते तोवर चार घास जातात पोटात.

मी औषध न घेताच परत आलो.


१४ मार्च

ताई,

आज पत्र जरा लांबणार आहे. वाचायचं नसेल तर इथेच ठेव.

तुझा सगळा राग माझ्या नादावर आहे. 'लग्न नाही, संसार नाही, नदी नदी करत हिंडतोस आणि माझ्या पोरालाही ओढलंस.' ते खरंच आहे. मीच ओढलं. बारावीत नापास होऊन तो माझ्या खोलीवर येऊन पडला होता, तोंड दाखवत नव्हता. मी त्याला पोहण्याच्या तलावावर नेलं, कयाकमध्ये बसवलं, कमरेभोवती रबरी पडदा घट्ट लावला आणि होडी उलटी केली. डोकं पाण्यात, पाय वर. कमरेला एक झटका दिला की होडी सरळ होते, पण तो झटका जमावा लागतो. बत्तीस वेळा तो उलटा लटकला. तेहेतिसाव्या वेळी वर आला, नाकातोंडातून पाणी, आणि म्हणाला, "मामा, परीक्षेपेक्षा सोपं आहे." त्या दिवसापासून त्याने अन्न टाकलं नाही की अभ्यास टाकला नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा तो क्लासला जातो असं आम्ही तुला सांगत होतो.

फेसाळ पाण्यात काय मिळतं, असं तू एकदा विचारलं होतंस. मी काहीतरी थट्टेवारी नेलं. खरं सांगायचं तर तिथे दुसरा विचारच करता येत नाही. समोर लाट, तिच्यामागे खडक, आता कुठे वल्हं घालायचं, बस. दुकानात दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून मी काचा घासतो. मला स्वतःला नीट दिसायचं ते फक्त तिथे.

आणि त्या चार दिवसांच्या फेरीची कल्पना त्याचीच होती, माझी नव्हे. त्याच्या वॉर्डातल्या मुलांना व्यायामासाठी कोमट पाण्याचा हौद हवा होता. पाय लुळे असलेलं मूल जमिनीवर उभं राहत नाही, छातीइतक्या पाण्यात राहतं. तो म्हणाला, "आपण नदीतून ऐंशी किलोमीटर जाऊ आणि लोकांकडून किलोमीटरमागे देणगी मागू. पाण्याने पाणी मिळवू." आम्ही तिघं निघालो. मी, तो आणि त्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई. आम्ही बावन्न किलोमीटर गेलो. देणगीदारांनी ऐंशीचे पैसे दिले.

रविवारी तो हौद सुरू झाला. तुम्हा दोघांना बोलावणं होतं हे मला माहीत आहे. मी मागे उभा होतो. खोली छोटीच आहे, निळ्या फरश्या, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे, काचेवर वाफ धरलेली. सात-आठ वर्षांची एक मुलगी, पायांना पट्टे लावलेली. पट्टे काढले, पाण्यात उतरवलं, आणि ती चालली. चार पावलं. मग ओरडून आईला म्हणाली, "बघितलंस का, नाही तर पुन्हा चालते." सगळे हसले.

वॉर्डाचे प्रमुख बोलले. ढब्बूबद्दल फार चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "एक क्षण सावध राहिला असता, दिलेला इशारा पाळला असता, तर आज तो आपल्यात असता." लोकांनी माना हलवल्या. टाळ्या झाल्या.

मीही टाळ्या वाजवल्या, ताई.


२ एप्रिल

ताई,

थोडक्यात लिहितो.

मंडळाचे चिटणीस दुकानात आले होते. यंदाही फेरी काढायची आहे, ढब्बूच्या नावाने. तयारीला अजून सहा महिने आहेत, पण चिटणीस म्हणजे घोड्याआधी नाल तयार ठेवणारा माणूस. पिशवीतून नमुन्याचा शर्ट काढून त्यांनी काउंटरवर पसरला. छातीवर ढब्बूचं हसतं तोंड. खाली मोठ्या अक्षरांत: इशारा पाळा.

"नव्या पोरांच्या डोक्यात राहील कायमचं," ते म्हणाले. "त्याच्या जाण्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. आणि पुढे तू असायचंस. तू पुढे असलास की घरच्यांनाही बरं वाटेल."

मी शर्टाचं कापड बोटांनी चाचपून बघितलं. रंग चांगला आहे म्हटलं.

ते गेल्यावर हातातली काच पडून फुटली. त्या दिवसातली तिसरी. मालक जागे झाले, म्हणाले, "तुझेच डोळे तपासून घे एकदा."


५ एप्रिल

ताई,

आता सांगतो. शेवटपर्यंत वाच, मध्ये ठेवू नकोस.

खळाळत्या पाण्यात आवाज पोचत नाही. दहा हातांवरच्या माणसाला हाक मारली तरी त्याला फक्त तोंड हललेलं दिसतं. म्हणून आम्ही हातांनी बोलतो. पहिला माणूस पुढे जाऊन वाट बघतो, खाली खडकावर उभा राहतो आणि मागच्याला खूण करतो. वल्हं डोक्यावर आडवं धरलं की थांब. उभं धरलं की सरळ ये. आणि हात एका बाजूला लांब केला, की त्या बाजूने ये.

आणि पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला शिकवतात तो नियम असा, की धोक्याकडे हात कधीही दाखवायचा नाही. खडक दिसो, भोवरा दिसो, काय वाटेल ते दिसो. हात दाखवायचा तो वाटेकडे. कारण वरून येणाऱ्याला धोका दिसत नसतो, तुझा हात तेवढा दिसतो, आणि हात दिसेल तिकडे तो येतो. जमिनीवर आपण उलटं करतो. साप दिसला की सापाकडे बोट करून ओरडतो. ती सवय मोडायला महिने जातात. मी अठरा वर्षं लोकांची ती सवय मोडत आलो. जो चुकेल त्याला मी काठावर वीस बैठका काढायला लावायचो. ढब्बूने चाळीस काढल्यात.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही चिमट्यापाशी पोचलो. नदीच्या मधोमध एक मोठा खडक आहे आणि पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी जातं, म्हणून आम्हीच ठेवलेलं नाव. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला वाळू. नेहमीची वाट कड्याच्या अंगाने. मी पुढे निघालो आणि पार तोंडाशी गेल्यावर बघितलं, तर कड्याच्या वाटेत एक अख्खं झाड आडवं. वरून कुठून तरी वाहत आलेलं, फांद्यांसकट. गाळणीसारखं. पाणी त्यातून जातं, माणूस अडकतो. मी जिवाच्या आकांताने वल्हं मारून वाळूच्या अंगाला घुसलो. कसा निसटलो ते मला आजही नीट आठवत नाही. खाली आलो, खडकावर चढलो. छाती भात्यासारखी चालली होती. वळून बघतो तर ढब्बू वळणावर आलेला.

वल्हं आडवं धरायला हवं होतं. नाही तर हात वाळूकडे करायला हवा होता. दोन्ही मला येत होतं, ताई. झोपेतून उठवलं असतंस तरी आलं असतं.

माझा हात झाडाकडे गेला. खांद्यापासून बोटापर्यंत सरळ, कड्याच्या अंगाला. आणि मी ओरडत होतो, झाड, झाड.

तो थबकला. वल्हं पाण्यात रोवून त्याने होडी क्षणभर धरून ठेवली. वाळूची बाजू मोकळी होती, ती त्याला दिसत होती, तो काही आंधळा नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी आणखी जोरात हात हलवला. त्याच बाजूला. मग त्याने मान डोलावली आणि कड्याच्या बाजूला वळला.

ते मान डोलावणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एरवी तो माझ्याशी वाद घालायचा. खुणेनेच विचारायचा, नक्की का म्हणून. कितीदा त्याने माझी खूण धुडकावून स्वतःच्या नजरेने वाट काढलीय आणि खाली येऊन दात काढलेत, "मामा, तुझा चष्मा बदल." त्या दिवशी का नाही धुडकावली? त्या एकाच दिवशी त्याला एवढं शहाणं व्हायला काय झालं होतं? सहा महिने मी स्वतःला हेच विचारतोय.

डॉक्टरीणबाई वळणापलीकडे होत्या, त्यांनी काही पाहिलं नाही. झाडापर्यंत पोचायला मला चार मिनिटं लागली. त्यापुढचं तुला माहीत आहे.

मंडळाच्या चौकशीत तिघं बसले होते. चिटणिसांनी विचारलं, "इशारा केला होतास?" मी म्हटलं, केला होता. "त्याने पाहिला?" पाहिला. "आणि तरी तो कड्याच्या बाजूला वळला?" मी म्हटलं, वळला. कोणत्या बाजूला हात केला होतास, हे कुणी विचारलंच नाही. अठरा वर्षं शिकवणारा माणूस, त्याला कोण विचारणार. त्यांनी लिहून घेतलं आणि माझ्यापुढे कागद सरकवला. एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर सही करता आली.

मला वाटलं होतं, दिवस जातील तसं बोथट होईल. मग दाजींनी पाठीवर हात ठेवला, आणि मग तो शर्ट आला.

तो ऐकत होता, ताई. दाजींना सांग, त्यांच्या पोराने जन्मात एकदा निमूटपणे ऐकलं आणि तेवढ्यानेच गेला. त्याच्याकडे बोट दाखवू नका. त्याचा फोटो कपाटातून बाहेर काढ. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड, मी समोर येऊन उभा राहतो, तू म्हणशील तेव्हा. तुझा मुलगा बेपर्वा नव्हता, एवढं तरी तुला परत मिळावं म्हणून हे लिहितोय.

आजच चिटणिसांकडेही जातोय.


१९ एप्रिल

ताई,

चिटणिसांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी आधी. मग म्हणाले, "झालं ते झालं. आता कशाला हात दाखवून अवलक्षण? तू शिकवलेले दोनशे लोक आहेत. त्यांना काय सांगायचं आम्ही?" मी म्हटलं, हेच सांगा. शिकवणाऱ्याचाही हात चुकतो म्हणावं. ते खूप वेळ टेबलावरची टाचणी फिरवत बसले. शेवटी कागद दिला आणि म्हणाले, लिही.

मी लिहिलं. अहवाल बदलला. शर्ट रद्द झाले. मला मंडळातून काढलं, त्यात वावगं काही नाही. डॉक्टरीणबाईंनी रस्त्यात मला पाहून रस्ता बदलला. वॉर्डाच्या प्रमुखांनाही मी जाऊन सांगितलं. ते चष्मा काढून पुसत राहिले.

म्हणजे सगळं मला हवं होतं तसं झालंय. हलकं वाटेल असं वाटलं होतं. काही वाटत नाही. तुझ्या पत्राची वाट बघतोय.


३ मे

ताई,

तुझी चिठ्ठी दुकानाच्या पत्त्यावर आली. अक्षर बघूनच खुर्चीत बसलो. सात महिन्यांत तुझ्या हातच्या पहिल्या ओळी, पाठ व्हायला वेळ लागला नाही.

'निघाला त्या दिवशी सकाळी मी त्याला दारात अडवलं होतं. म्हटलं, मामा हात दाखवेल तिकडेच जायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही, घे माझी शपथ. तो हसायला लागला. मी हात धरून ठेवला, सोडेचना, तेव्हा घेतली. इतके दिवस मी समजत होते, माझी शपथ मोडली म्हणून गेला.'

तो त्या दिवशी थबकूनही का वळला, हे मी तुला लिहिलेल्या पत्रात विचारलं होतं. तुला माहीत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तुझा काही दोष नाही, असं लिहायला बसलो. कुठलीही आई तेच सांगेल, असं लिहिलं. फाडलं. हात माझा होता, असं लिहिलं. तेही फाडलं. हात माझा होता आणि त्या हाताकडे त्याला पाठवलंस तू, हे आता आपल्या दोघांनाही माहीत आहे, आणि ते तुला माहीत करून देणारा मीच. मला माझं ओझं उतरवायचं होतं. ते मी तुझ्या डोक्यावर ठेवलं आणि वर म्हटलं, हे घे, तुला तुझा मुलगा परत देतो.

काल दाजी दुकानात आले होते. बसले नाहीत. फोटो बाहेर काढलायस, समोर ठेवलायस, पण भांडत नाहीस, बोलतच नाहीस, असं सांगितलं. जेवणाचं विचारलं तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, "तुझं पत्र मीच तिच्या हातात दिलं रे. आधी उघडून बघायला हवं होतं." मला एकही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

चिठ्ठीच्या शेवटी तू एकच गोष्ट विचारलीयस. मान डोलावली तेव्हा त्याचा चेहरा कसा होता.

खोटं सांगायचं मनात आलं. लांबून नीट दिसला नाही, असं म्हणता आलं असतं, पाणी उडत होतं, कुणीही विश्वास ठेवला असता. पण अर्धवट खरं सांगून मी काय केलं ते तू पाहिलंस. म्हणून विचारलंस तेवढं सांगतो.

आधी थोडा गोंधळलेला होता. मग मी पुन्हा हात हलवला आणि त्याच्या कपाळावरची आठी गेली. शाळेत असताना उत्तर बरोबर आहे असं बाई म्हणाल्या की करायचा, तसा चेहरा झाला. घाबरलेला नव्हता, ताई. अगदी निर्धास्त होता.